तांबड्या दगडाला टाकी

आमचं यान वेचक दुसऱ्यांदा त्या तांबड्या दगडापाशी पोहोचलं आणि दुसऱ्यांदा माघारी फिरलं. नियंत्रण कक्षात आम्ही अठ्ठावीस माणसं पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. यान दगडापासून चार मीटरवर स्थिर झालं, त्याचा लांब हात पुढे आला, टोकाची हातोडी दगडापासून वीतभर अंतरावर थांबली. मग तो हात निमूटपणे खाली गेला आणि यान वर निघून गेलं. पडद्यावर एक ओळ उमटली : 'निर्णय – ठोकायचे नाही. खात्री – ९९.६ टक्के.'

"नव्याण्णव पूर्णांक सहा दशांश," माझ्या शेजारी बसलेला तन्वीर मुजावर पुटपुटला. "ताई, माझ्या लग्नाच्या दिवशी मलासुद्धा एवढी खात्री नव्हती."

कुणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही, कारण त्या यानाचा निर्णय घेणारा भाग मी बनवला होता आणि तो माझ्या वडिलांच्या हातावरून बनवला होता.

आमच्या लघुग्रहाला यादीत लांबलचक क्रमांक आहे. पण तो म्हणजे सहाशे मीटर रुंदीचा दगडगोट्यांचा नुसता ढीग, म्हणून आम्ही त्याला 'खडी' म्हणायला लागलो आणि तेच नाव चिकटलं. खडीचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण आहे की तिथे कुणी जोरात उडी मारली तर तो माणूस परत खाली यायचाच नाही. असल्या ढिगावर वरून भक्कम दिसणारी जागा आतून पोकळ निघते. यानाने पाय टेकले की ते भुशात गेल्यासारखं आत जातं, दगडाला धरायला जावं तर दगडच सुटून हातात येतो. त्यामुळे धरण्याआधी ठोकून बघणं आलं. आणि पृथ्वीवरून सांगावं तर आमचा निरोप तिथे पोहोचायला सतरा मिनिटं लागतात, उत्तर यायला आणखी सतरा. तेवढ्यात यानाचं काहीही होऊ शकतं. म्हणजे ठोकायचंही यानाने आणि ठरवायचंही यानानेच.

अवकाशाच्या निर्वात पोकळीत आवाज जात नाही. पण दगडातली थरथर हातोडीच्या दांड्यातून हातात येते, आणि ती वाचणारा माणूस मला माहीत होता. माझे वडील, यल्लाप्पा विटकर. आम्ही पाथरवट, पाटे-वरवंटे, उखळं, जाती घडवणारे. साठ वर्षं घण ऐकून दादांचे कान बसलेत, त्यामुळे ते दगड हातानेच ऐकतात.

दोन वर्षं मी दादांच्या उजव्या हातात संवेदकांचा हातमोजा चढवला, छातीवर कॅमेरा बांधला आणि कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या माळावर त्यांच्या मागे हिंडले. अकरा हजार दगड! दादांनी दगड बघायचा, ठोकायचा आणि सांगायचं, हा अखंड, हा चिरलेला, हा पोकळ. कॅमेरा दगड टिपायचा, हातमोजा हाताचा जोर नि थरथर टिपायचा, आणि संगणक दोन्हींचा मेळ घालत शिकत जायचा. त्याला नियम असे कुणी सांगितलेच नाहीत. घरातलं मूल मोठ्यांचं बघून बघून शिकतं, तसा तो शिकला. आमच्या अवकाश संस्थेत त्याला सगळे 'यल्लाप्पा'च म्हणतात.

मोहिमेच्या समितीतल्या काहींना हे पचलं नव्हतं. एक सदस्य भर बैठकीत म्हणाले होते, "म्हणजे हे यान आपण एका दगडफोड्याच्या भरवशावर सोडायचं?" मी म्हटलं, "तुमच्या भरवशावर सोडण्यापेक्षा बरं." त्या एका वाक्यापायी माझी बढती तीन वर्षं लांबली, पण यल्लाप्पा यानात बसला.

आणि आता तोच यल्लाप्पा अडून बसला होता.

प्रकल्पप्रमुख डॉ. नीलांबरी देवस्थळी यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बाई मोजकं बोलतात.

"इंधन एका उतरणीपुरतं उरलंय रेणुका. परतीची वाट तेवीस दिवसांनी बंद होईल. मी वेचकला करड्या मैदानात उतरवते. तिथे ते मुकाट्याने ठोकतं."

"मॅडम, करडी धूळ आपल्याकडे आधीच्या मोहिमांची आहे. आपण तांबड्या पट्ट्यासाठी गेलोय."

हे मी त्यांना सांगण्याची गरज नव्हती. खडीवरचा तांबडा पट्टा म्हणजे कार्बनची संयुगं, किरणांचा मारा खाऊन तांबडी पडलेली. साडेचार अब्ज वर्षांत त्यांना दुसऱ्या कशाचाही स्पर्श झालेला नाही. जिवाला लागणारा कच्चा माल पृथ्वीवर बाहेरून आला की इथेच तयार झाला, याचं उत्तर त्या दगडात असू शकतं. देवस्थळीबाईंनी या प्रश्नापायी बावीस वर्षं घातली होती.

"तांबडं मलाही हवंय," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या हाताने आलेलं यान नकोय. तुला किती दिवस हवेत?"

"सहा."

"सहा दिले. सातव्या दिवशी सकाळी करड्या मैदानाचा आदेश जाईल."

असल्या संगणकाला 'का?' असं विचारून भागत नाही. तो उत्तर देतो, कारण देत नाही. त्याने काय पाहिलं होतं, ते आपणच पुन्हा पाहायचं. त्याच दुपारी तन्वीर आणि मी दादांच्या अकरा हजार दगडांचं चित्रण उघडून बसलो. तन्वीर मिरजेचा, माहिती चाळण्यात त्याचा हात धरणारा संस्थेत कुणी नाही. तासाभरात त्याने एकतीस तुकडे वेगळे काढले.

"ताई, दादा कुठलाही दगड सोडतात तो ठोकून बघितल्यावरच. हे एकतीस त्यांनी न ठोकताच सोडलेत."

पहिला तुकडा लावला. माळाचा बांध. बांधावर शेंदूर फासलेला दगड, आमचा म्हसोबा. नेहमीच्या चालीत आलेल्या दादांची हातोडी वर गेलेली आहे. ती तशीच खाली येते, दादा वाकून नमस्कार करतात आणि पुढच्या दगडाकडे वळतात. दुसरा तुकडा ओढ्याकाठच्या आसरांचा, म्हणजे पाण्याच्या देवतांचा, सात दगड, सातही शेंदरी. तिसरा लिंबाखालच्या लक्ष्मीआईचा. आमच्याकडे दोन शेतांआड एक देव आहे, त्यामुळे एकतीस ही संख्या कमीच म्हणायची.

यानाला म्हसोबा कुठून कळणार? त्याने एवढंच टिपलं की तांबडं दिसलं की हा हात थांबतो. बाकी कुठल्याही दगडापुढे दादा थोडेतरी विचारात पडतात. या एकतिसांपुढे हात एकदाही घुटमळला नव्हता. शंभर टक्क्यांजवळ गेलेली ती खात्री तिथून आली होती.

खरी लाज वाटली ती वेगळ्या गोष्टीची. हे सगळं चित्रण संगणकाला देण्याआधी मी स्वतः तपासलं होतं, एकेक तुकडा. त्या एकतीस तुकड्यांत माझी सावली पडलेली आहे. दादा वाकतात तेव्हा दगडाशेजारी माझ्या सावलीचाही हात कपाळाकडे जातो. बाहेरच्या कुणी ते तपासलं असतं तर विचारलं असतं, हा दगड का सोडला? मी विचारलं नाही, कारण मीही तो सोडलाच असता. चूक दादांची नव्हती, यल्लाप्पाची नव्हती, माझी होती.

"जाऊ द्या ताई," तन्वीर म्हणाला. "आमच्या गल्लीतल्या पिराजवळ आलं की माझी दुचाकी आपोआप हळू होते. मी तपासलं असतं तरी सुटलंच असतं."

त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं आणि मला खरोखर थोडं बरं वाटलं.

मग उपाय शोधायला लागलो. यानाला रंग दिसणंच बंद केलं, तर त्याला धूळ आणि दगड यांतला फरक कळेना. तांबड्याला ठोकच अशी सक्ती केली, तर ते चिरलेल्या दगडालाही धरायला जाऊ लागलं. संगणकात उभ्या केलेल्या नकली खडीवर दहा उतरणी करून पाहिल्या, त्यांत चार वेळा यान गमावलं. तन्वीरने स्वतःच्या हाताचे ठोके भरून पाहिले, तेव्हा तर यल्लाप्पाची सगळ्याच दगडांवरची खात्री ढासळली. दोन हातांची शिकवण त्याला झेपेना. राहता राहिला एकच मार्ग : दादांनीच तांबडे दगड ठोकायचे. उरलेल्या दिवसांत यानाकडे जेवढी माहिती पाठवता येत होती, तीत चाळीस दगड बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आम्ही दोघं वस्तीवर पोहोचलो. दादा अंगणात टोपी सारखी करत उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण पाठ अजून ताठ. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी माझ्यामुळं अडलं त्ये?"

"तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. मी बघायला हवं होतं."

"आगं, मग त्यात काय. रंगवलेला दगुड म्हंजी काय देव हाय व्हय? आना हिकडं, चाळीस काय, चारशे ठोकतो."

तन्वीरने चाळीस दगड रंगवले, उन्हात वाळवले आणि दादांनी ते एकामागून एक ठोकले. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. हातमोज्याचे आकडे मात्र वेगळंच सांगत होते. प्रत्येक ठोका पाव सेकंद उशिरा पडला होता आणि जोर निम्म्याहून कमी होता. तिसऱ्या दिवशी तो संच नकली यानाला शिकवून पाहिला. यान तांबड्या दगडाशी गेलं, हात उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला, आणि इंधन संपेपर्यंत तेच करत राहिलं. आधी ते निदान ठामपणे नाही म्हणत होतं.

तिथे माझा तोल गेला. "दादा, तुमच्यादेखत रंगवलेत हे दगड! देव नाही, काही नाही. एवढ्या माणसांची एवढ्या वर्षांची मेहनत तिकडे लटकलीय आणि तुम्हाला अजून त्यात म्हसोबा दिसतोय?"

माझा आवाज अख्ख्या वस्तीला ऐकू गेला असेल. दादांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"मला न्हाय दिसत, रेणा. हाताला दिसतोय. साठ वर्सं म्या त्येला येक शिकवलं. आता येका दुपारीत त्यो कसा इसरंल?"

तन्वीर डबा बंद करण्याच्या नावाखाली बाजूला गेला.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर दादा एकटेच रंगवलेल्या दगडांपुढे बसलेले. चहासुद्धा न घेता ते हाताला वळण लावत होते. दगड डाव्या हाताने धरायचा, डोळे मिटायचे नि मारायचं. मी हाक मारेपर्यंत हातोडी त्यांच्या डाव्या अंगठ्यावर उतरली होती. नख काळं पडलं, अंगठा बघता बघता टम्म सुजला. माझ्या उभ्या आयुष्यात दादांचा घाव चुकलेला मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधली.

"माफ करा दादा, मी काल काहीबाही बोलले."

"बोलायचं तर घरच्यालाच बोलतं मानूस," ते म्हणाले. "पर रेणा, ह्ये होयाला पायजे. आपल्या नावानं त्ये अडायला नको."

आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेने तीन दिवस हाताला आराम सांगितला. आमच्याकडे तीनच दिवस होते. तन्वीरने मला विचारलं, देवस्थळी मॅडमना कळवू का, की करड्या मैदानाचंच बघा म्हणून. मी म्हटलं, सहा दिवस म्हणजे सहा दिवस. पुढे काय करायचं याचा मात्र मला पत्ता नव्हता.

अकराच्या सुमाराला फाटकाशी स्कूटर थांबली. हौसाक्का माने. वस्तीतल्या बायकांचा गट पाट्यावर वाटलेली कांदा-लसूण चटणी बनवतो, त्याच्या त्या प्रमुख. पायापाशी आडवा ठेवलेला पाटा त्यांनी एकटीने उचलून ओट्यावर आणला.

"दादा, वाटान नुसतं सरकतंय बगा ह्याच्यावरनं. टाकी लावून द्या. घाईत तसाच आनलाय, धुतला न्हाय, तेवढं मनावर घिऊ नगा."

टाकी लावणं म्हणजे काय हे आता शहरात सांगावं लागतं. वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो. मग पाथरवट टोकदार हत्याराने त्याच्यावर बारीक बारीक टोचे मारत जातो आणि पाटा पुन्हा खरखरीत होतो. दादांना डाव्या हाताने छिन्नी धरता येत नव्हती, म्हणून त्यांनी टोकदार हातोडीच उजव्या हातात घेतली, पाटा मांडीपुढे ओढला आणि सुरू केलं. टकटक, टकटक. एका लयीत, एका जोराने, न थांबता.

मी दारात उभी राहून बघत होते. पाटा या कडेपासून त्या कडेपर्यंत मिरचीने तांबडालाल होता.

"दादा, थांबा!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी जाऊन त्यांचा दंड धरला.

"दादा, हा पाटा लाल आहे."

"मिरचीचा पाटा लालच असायचा की."

"मग हात थांबला कसा नाही?"

त्यांनी पाट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि मग त्यांना हसू आलं.

"आगं, टाकी लावतूय मी. फोडतूय थोडाच?"

फोडायच्या दगडापुढे तो हात थांबत होता. घरच्या पाट्याला मात्र तो साठ वर्षं टाकी लावत आला होता आणि तो पाटा कायम तांबडाच होता. आम्ही दोन वर्षं त्या हाताला फक्त माळावरचे दगड दाखवले, ओट्यावरचा पाटा दाखवलाच नाही. शिवाय आम्हाला तरी दगड फोडायचा कुठे होता? साठ ग्रॅम भुकटी मिळाली तरी मोहीम सार्थकी लागणार होती, आणि टाकीने नेमकी भुकटीच पडते. हलके टोचे असले की यानाला झटकाही बसत नाही. हे आधी सुचायला हवं होतं, असं देवस्थळीबाई नंतर म्हणाल्या. हवंच होतं.

"हौसाक्का, तुमच्या गटात पाटे किती?"

"अडतीस असतील. का गं?"

"सगळे आणा. आणि धुऊ नका."

इथे खरी पंचाईत झाली. दुपारी ओट्यापुढे वीस-पंचवीस बायका जमल्या आणि एकही ऐकायला तयार होईना. खरकटा पाटा टाकीला द्यायचा म्हणजे काय? बघणारा काय म्हणेल? एकीने तर स्वच्छ सांगितलं, "माझी सासू वर गेलीय, तरी तिथनं खाली उतरून मला बोलंल." मी त्यांना यानाची सगळी कहाणी सांगितली, तांबड्या दगडाची, शेंदराची, दादांच्या हाताची. मग मागून एक आवाज आला.

"म्हंजी आमची चटणी आभाळात जानार?"

"चटणी नाही, तिचा रंग जाणार."

"मग असा फिका रंग कशाला धाडायचा?" हौसाक्का म्हणाल्या. "ब्याडगी वाटा गं सगळ्याजनी. आपल्या वस्तीचं नाव हाय."

पाचव्या दिवशी सकाळी वस्तीत ताजी ब्याडगी मिरची वाटली गेली. अख्खी आळी शिंकत होती आणि तन्वीर डोळ्यांना रुमाल लावून यंत्रं जोडत होता. अडतीस पाटे आले, शेजारच्या वाडीतून आणखी दोन. दादांच्या हातात मी हातमोजा चढवला. डाव्या हाताला पट्टी, उजव्यात हातोडी. त्यांनी प्रत्येक पाटा आधी ठोकून बघितला नि मग टाकी लावली. तीन पाटे मात्र ठोकून बाजूला सारले. "ह्यो आतनं चिरलाय. टाकी मारली तर दोन तुकडं हुतील." तन्वीरने माझ्याकडे बघितलं. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. दगड तांबडा असला तरी आधी ठोकून बघायचं, आणि नको असेल तर ठोकून बघितल्यावरच नको म्हणायचं.

सहाव्या दिवशी नकली खडीवर पन्नास उतरणी केल्या. सत्तेचाळीस वेळा भुकटी मिळाली. तीन वेळा यानाने दगड ठोकला, चिरलेला आहे म्हणून सांगितलं आणि सुखरूप परत फिरलं. देवस्थळीबाईंनी आकडे दोनदा वाचले.

"अहवालात शिकवणीचं साहित्य काय लिहायचं?"

"मिरचीचे पाटे."

"तसंच लिही," त्या म्हणाल्या आणि आदेशावर सही केली.

उतरणीच्या दिवशी मी दादांना पुण्याला घेऊन आले. धुवट धोतर, नवी टोपी, अंगठ्याचं नख अजून काळं. समितीतले ते सदस्यही आले होते. त्यांनी दादांना स्वतःची खुर्ची दिली, हे मला सांगितलंच पाहिजे. तन्वीरने हातमोजा उलटा जोडला होता. यानाच्या हातोडीला जे जाणवेल ते आता दादांच्या तळहाताला जाणवणार होतं, फक्त सतरा मिनिटं उशिरा.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी वेचक दगडापासून चार मीटरवर स्थिर झालं. हात पुढे आला. हातोडी वीतभर अंतरावर थांबली. मी देवस्थळीबाईंचं मनगट धरलं होतं, हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

हातोडी दगडाला लागली.

कक्षात एकदम गलका उठला. दादांनी दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी डोळे मिटले होते. "पोकळ," ते म्हणाले. पडद्यावर ओळ आली : 'पोकळ.' हात जरा डावीकडे सरकला, पुन्हा एक ठोका. "ह्यो धरंल." यानाच्या तीन नख्या दगडात रुतल्या आणि मग ती लय सुरू झाली. आम्हाला ऐकू येत नव्हती, पण दादांची मान तिच्यावर हलत होती. डब्यातल्या भुकटीचा आकडा चढायला लागला. वीस ग्रॅम. चाळीस. साठ ओलांडले तेव्हा तन्वीरने माझ्या पाठीत असा धपका मारला की मी पुढच्या टेबलावर जाऊन आदळले. शंभर. डबा अडीचशेचा होता, आणि देवस्थळीबाई मला म्हणाल्या, "भरू दे. पूर्ण भरू दे."

एकशे एकेचाळीसवर दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बास," ते म्हणाले.

"काय झालं दादा?"

"थर बदलला. खाली भुसभुशीत हाय. आता मारलं तर समदा दगुड उलगडंल. बास म्हन त्येला."

"दादा, त्याला आता सांगून उपयोग नाही. हे सगळं तिकडे होऊन गेलंय, आपल्याला फक्त..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. पडद्यावर यानाचा हात वर उचलला गेला होता. डब्याचं झाकण बसलं, नख्या सुटल्या, यान मागे सरकायला लागलं आणि खाली ओळ उमटली : 'निर्णय – पुरे.' यान वीस मीटर दूर गेलं असेल नसेल तोच तो तांबडा दगड मधोमध उकलला आणि त्याचे दोन भाग सावकाश एकमेकांपासून दूर जाऊ लागले. नख्या अजून त्यात रुतलेल्या असत्या तर वेचक तिथेच राहिलं असतं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. देवस्थळीबाई खुर्चीत बसून चष्मा पुसत होत्या. दादांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले, हातमोजा चढवलेला हात समोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"शिकला की गं त्यो," ते म्हणाले, आणि मी सगळ्यांसमोर रडले.